आजीवरचा शिक्का

स्क्रीनवर ‘शक्य’ असं उमटलं आणि ढोबळे सर फुटाणे चघळायचे थांबले.

“पुन्हा चालव.”

मी पुन्हा चालवलं. पापणी लवायच्या आत तेच उत्तर. शक्य.

“वेग तर भारी आहे मॅडम,” मागच्या टेबलावरून फिरोज म्हणाला. “मागच्या महिन्यात आम्ही चहा पिऊन परत यायचो, तरी हा विचारच करून राहायचा.”

“वेग भारीच आहे,” सर म्हणाले. “उत्तर चुकलंय, एवढंच.”

नागपूरचा उन्हाळा. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि खोलीभर ओल्या वाळ्याचा वास होता. मनवा, माझी तीन वर्षांची मुलगी, कूलरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसली होती. तिला गार वारा लागू नये म्हणून ती जागा मीच निवडली होती. सकाळपासून तिचा पाय दुखत होता, म्हणून तिला पाळणाघरात न सोडता बरोबर आणलं होतं.

“मनू, पाणी पी.”

“आत्ता तर पिले.”

“अजून एक घोट.”

“मॅडम,” फिरोज म्हणाला, “पोरगी आहे की झाड? दर थोड्या वेळानं पाणी घालता!”

मी हसले. पाणी का पाजते ते त्याला माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं. माझा धाकटा भाऊ सुबोध सिकलसेल या रक्ताच्या आजारानं गेला, बारावीत असताना. थंडी बाधली, पाणी कमी पडलं की त्याचे सांधे धरायचे. “ताई, माझ्या रक्तात विळे आहेत गं,” तो म्हणायचा, “आतून कापत जातात.” आई गरम पाण्याची पिशवी घेऊन रात्रभर त्याचे गुडघे शेकायची आणि मी पाण्याचा तांब्या धरून उभी असायचे. तो गेला, पण तांब्या काही माझ्या हातातून सुटला नाही. मनवा झाली आणि मी तिच्या नखांकडे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे, बोटांच्या पेरांकडे बघायला लागले. अंघोळ घालताना तिच्या डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून प्लीहा लागते का ते चाचपायचे. डॉक्टर सुबोधची चाचपायचे, तशी.

एक मात्र केलं नव्हतं. तिचं रक्त तपासलं नव्हतं. तपासलं नव्हतं तोवर ती बरी असू शकत होती.

आणि मी काम कशावर करत होते? त्याच आजारावर. म्हणजे आजारावर नाही, तर्कावर. विदर्भात हा आजार गावोगाव आहे. आरोग्य खात्यातल्या मंडळींनी घराघरांतून माहिती गोळा केलेली: कोण कुणाची मुलगी, कोण आजारी, कोण वाहक, कुणाचं काहीच माहीत नाही. त्या अर्धवट माहितीवरून आणखी काय निघतं, काय असूच शकत नाही, कुणाचं रक्त आधी तपासायला हवं, हे सांगणारा प्रोग्राम ढोबळे सरांच्या हाताखाली फिरोज आणि मी करत होतो. त्याचं नाव ‘पडताळा’. पुढच्या सोमवारी तो त्या मंडळींना दाखवायचा होता. माझी पीएचडीही त्यावरच उभी होती.

सर फळ्याकडे गेले. खडू घेतला. चुकलेल्या माणसाला बसू देऊन स्वतः उभं राहायचं, ही त्यांची पद्धत.

“फिरोज, तू सांग. ‘पडताळा’ करतो काय?”

“सर, परीक्षा घेता का?”

“घेतो. सांग.”

“एखादी गोष्ट शक्य आहे का असं विचारलं, तर तो ती गोष्ट खरी मानतो आणि तसं जग उभारून बघतो. नियम लावत जातो. ‘हे किंवा ते’ आलं की दोन फांद्या काढतो. एका फांदीवर एकाच माणसाबद्दल ‘आहे’ पण आलं आणि ‘नाही’ पण आलं, की ती फांदी मेली. सगळ्या मेल्या तर अशक्य. एक जरी जिवंत राहिली तर शक्य.”

“बरोबर. आता माझं घराणं.” सरांनी फळ्यावर खाली एक ठिपका काढला. “हा गोपाळ. हा आजारी. आजारी म्हणजे?”

“दोष दोन्हीकडून आला,” मी म्हणाले. “आईकडूनही आणि वडिलांकडूनही. एकीकडूनच आला असता तर नुसता वाहक झाला असता, धडधाकट.”

“बापाला तूर्त सोड. ही आई.” गोपाळच्या वर दुसरा ठिपका. “ही आजी.” त्याच्यावर तिसरा. “मी असं घराणं रचलं, की यातल्या बाईत दोष आला तर तो तिच्या आईकडूनच येतो. आणि गोपाळच्या आजीत दोष नाही. असं घराणं असू शकतं?”

“कसं असेल सर?” फिरोज म्हणाला. “गोपाळ आजारी म्हणजे आईत दोष. आईत आहे म्हणजे आजीत पाहिजेच. आणि तुम्ही म्हणता आजीत नाही.”

“तुला समजलं. पोराटोरांना समजेल. याला का नाही समजलं?”

मला उत्तर एका क्षणात कळलं होतं.

ते कसं, ते सांगते. प्रत्येक माणसाला आई असते, हा नियम यंत्राला सांगितला की यंत्र थांबत नाही. गोपाळला आई काढतं, आईला आई, तिला आई, तिलाही आई. माणसाला कुठे थांबायचं ते कळतं. यंत्र आदिमायेपर्यंत जाईल आणि तिलाही आई काढेल. म्हणून आमच्या धंद्यात एक तोड आहे. नवी बाई काढली आणि तिच्याबद्दल जेवढं माहीत आहे ते अगदी आधीच्या बाईसारखंच निघालं, की तिच्यावर शिक्का मारायचा. ‘हिच्यासारखीच आहे. पुढे बघायची गरज नाही.’ यंत्र थांबतं.

तोड चांगली आहे. चूक माझी होती. प्रोग्राम रेंगाळत होता म्हणून मी शिक्का कायमचा करून टाकला होता. एकदा मारला की मारला. वेग वाढला, सगळे खूश झाले.

“सुरुवातीला आई आणि आजी दोघी सारख्याच होत्या,” मी म्हणाले. “दोघींबद्दल काहीच नोंदलेलं नव्हतं, ‘आजीत दोष नाही’ ही तुमची अटही अजून लागायची होती. म्हणून आजीवर शिक्का बसला. मग गोपाळच्या आजाराचा नियम लागला. मुलाची बातमी खालून वर आली आणि आई बदलली. पण आजी…”

“आजी शिक्क्याखालीच राहिली. तिच्यापर्यंत काही पोचलंच नाही.” सरांनी वरच्या ठिपक्यावर खडू टेकवला. “भांडण सगळं तिथे होतं, आणि आपण तिथे गेलोच नाही. आईकडून मुलाकडे जातं ते सगळ्यांना दिसतं. मुलाकडून आईकडेही येतं, मंजूषा. ज्या घरात बातमी उलटी येऊ शकते, त्या घरात शिक्का कायमचा मारता येत नाही.”

“पण सर, फांदी जिवंत दिसत होती…”

“आजीला तपासलं होतं?”

“नाही.”

“मग जिवंत कशाच्या जोरावर म्हणते?” ते रागावले नव्हते. फुटाण्यांची पुडी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, “न बघितलेली फांदी म्हणजे जिवंत फांदी नाही गं. ती नुसती न बघितलेली असते.”

मी पुडीत हात घातला आणि तसाच राहू दिला.

“आई, पाय,” कोपऱ्यातून मनवा म्हणाली.

मी उठले. तिच्याजवळ बसून आधी घोटा, मग गुडघा, मग बोटांची पेरं, मग बरगडीखाली. रोजचाच क्रम. मान वर केली तर सर बघत होते.

“काय शोधून राहिली?”

“काही नाही सर. सवय आहे.”

त्यांनी पुढे विचारलं नाही. फळा मात्र पुसला नाही.

*

घरी गेले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात आंब्याच्या फोडींना मीठ-हळद लावत होत्या. माझं आणि हर्षलचं लग्न आमच्या आम्ही ठरवलेलं. सासूबाईंनी ते मानून घेतलं, पण ‘तुमच्यात’ आणि ‘आमच्यात’ हे दोन शब्द त्यांच्या बोलण्यातून गेले नाहीत. तुमच्यात भाजीत गूळ घालत नाहीत. आमच्यात दिवाळीला अमुक करतात. आणि सुबोधबद्दल कळल्यापासून: “हे दुखणं तुमच्यातलं. आमच्या घराण्यात कोणाले नाही.” पण हर्षलचंही रक्त कधी तपासलेलं नव्हतं.

मी मनवाला ओट्याजवळ उभं केलं आणि पंचा पिळून तिचे हात पुसताना पुन्हा पेरं दाबून पाहिली.

“काऊन गं, पोट्टीचे हात काऊन दाबून राहिली सारखी?”

“बघते, सूज आहे का.”

“नाही काही. ठेव तिले खाली.” त्यांनी फोडींचं पातेलं तसंच टाकलं, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

हे नेहमीचं. मी मनवाचे हात बघायला लागले की त्या उठून जायच्या. मला वाटायचं, त्यांना माझ्या माहेरच्या दुखण्याची किळस येते.

हर्षल कामावरून आला. त्याचा चहा होईपर्यंत मी थांबले आणि म्हणाले, “उद्या मनवाचं रक्त तपासायला नेते.”

त्याने कप खाली ठेवला. “आज काय झालं?”

“काही नाही. पाय दुखतो म्हणते.”

“ती दिवसभर उड्या मारते, मंजू. पाय दुखणार नाही तर काय? डॉक्टरपण हेच म्हणाले.”

“डॉक्टर असंही म्हणाले होते, की एकदा तपासून टाका.”

“तूच नको म्हणाली.”

“हो. आता हो म्हणते.”

तो मग हळू आवाजात म्हणाला, “आणि निघालं तर?”

मी इतके दिवस ज्या प्रश्नापाशी थांबत होते, तो हाच. त्याच्यापुढे काय आहे ते बघायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मनात मनवाची जागा सुबोधनं घेतली होती. तीच बोटं, तेच गुडघे, तोच तांब्या. ‘ह्याच्यासारखीच आहे, पुढे बघायची गरज नाही.’

“निघालं तर उपचार आहेत,” मी म्हणाले. “सुबोधच्या वेळी नव्हते तेवढे आहेत. आणि नाही निघालं, तर ती कूलरसमोर बसेल. पोहायला जाईल. पोट्टीला पाण्यात डुंबायचंय रे, आणि मी तिला बादलीपाशीसुद्धा उभं राहू देत नाही.”

हर्षलने माझ्याकडे बघितलं. “मी येऊ?”

“नको. तुला सुट्टी नाही मिळणार. लागलं तर सांगते.”

गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला. “उपाशीपोटी नेऊ नको तिले. पेज देऊन नेजो.” त्या ऐकत होत्या तर.

*

सरकारी दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत निळा एप्रन घातलेल्या एक बाई होत्या, देवतळे नावाच्या. मनवाने सुई बघितली आणि माझ्या ओढणीत तोंड खुपसलं.

“हिचं घ्यायचं?” त्यांनी विचारलं. “घरात कोणाला आहे?”

“माझ्या भावाला होता.”

“मग आधी तुमचं. तुमचं कधी झालं?”

मी मान हलवली.

“झालंच नाही?” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “शिकलेल्या दिसता, म्हणून विचारलं हो.”

खरं सांगायचं तर लग्नाआधी आईनेच तो विषय बंद केला होता. “तू धडधाकट आहेस ना? मग कशाला नावाला काही लावून घेतेस?” मीही ते धरून चालले होते. सुबोधची बहीण म्हणजे वाहक असणारच. त्यात तपासायचं काय?

“मी वाहक आहेच,” मी म्हणाले.

“कोणी सांगितलं?”

“भाऊ आजारी होता म्हणजे आईबाबा दोघंही वाहक…”

“आईबाबा दोघं. तुम्ही कुठे?” बाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. “दोघं वाहक असले तरी एखाद्या लेकराला दोन्हीकडून चांगलंच येतं. ते बघितल्याशिवाय कळत नाही. मूठ आवळा.”

मी मूठ आवळली. मनवा ओढणीतून एक डोळा काढून बघत होती. आईला टोचतात म्हटल्यावर तिला धीर आला. तिच्या वेळी ती रडली, पण ओरडली नाही.

“शूर आहे बापा!” देवतळे बाई म्हणाल्या आणि तिच्या बोटावर कापसाचा बोळा ठेवला.

अहवाल यायला वेळ लागणार होता. ते दिवस मी ‘पडताळा’त घालवले, नाहीतर वेडी झाले असते. फिरोज आणि मी एकेक शिक्का कायमचा होता तो कच्चा केला. एखाद्या बाईबद्दल नवीन काही कळलं की तिच्या भरवशावर ज्यांच्यावर शिक्के बसले होते, त्या सगळ्यांकडे परत जायचं. अजूनही सारख्या असतील तर शिक्का राहू द्यायचा. नसतील तर काढायचा आणि पुढे बघायचं.

“मॅडम, हा पुन्हा चहाचा वेळ घ्यायला लागला,” फिरोज कुरकुरला.

“पण थांबतो ना?”

“थांबतो. विचार करून थांबतो, आमच्या मोठ्या मामासारखा.”

सरांचं घराणं घातलं. कूलर घरघरत राहिला. मग स्क्रीनवर आलं: अशक्य.

फिरोजने टेबलावर हात आपटला. फळ्यावरचे तीन ठिपके इतके दिवस तसेच होते. ते सरांनी आता रुमालाने पुसले.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून फोन आला.

देवतळे बाईंनी दोन कागद पुढे ठेवले. मी मनवाचा आधी उचलला. वाहक. आजारी नाही. वाहक.

मी तो परत वाचला. मग पाठीमागच्या बाकावर बसले. आज मनवा अकरावीत आहे, पोहण्याच्या स्पर्धा जिंकते आणि फ्रिजमधलं थंडगार पाणी बाटलीनं घटाघटा पिते. तरी तो कागद मी अजून अधूनमधून काढून वाचते.

“दुसराही बघा की,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्यावर माझं नाव होतं. नॉर्मल.

“हे चुकलंय.”

“दोनदा केलं. म्हटलं होतं ना, तुम्ही कुठे ते बघितल्याशिवाय कळत नाही. आता मिस्टरांना पाठवा.”

त्यांनी पुढचं सांगायची गरज नव्हती. मी तेच तर शिकत होते वर्षानुवर्षं. मुलीत दोष आहे. तो आईकडून किंवा वडिलांकडून. दोन फांद्या. आईत नाही, ती फांदी मेली. एकच उरली.

मुलीची बातमी खालून वर आली होती. ती माझ्यापाशी थांबली नाही. दुसऱ्या वाटेनं वर निघाली.

*

त्या संध्याकाळी हर्षल यायच्या आधीच मी घरी पोचले. सासूबाई दारातच होत्या. चपलाही काढू दिल्या नाहीत.

“काय आलं?”

“बरी आहे, आई. मनवा आजारी नाही.”

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. मग सवयीने म्हणाल्या, “म्या म्हटलंच होतं. आमच्या घराण्याचं रक्त आहे तिच्यात. तुमच्यातलं नाही आलं, देवाची कृपा.”

माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. इतक्या वर्षांचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. रस्त्याने येताना मी ते कितीदा घोळवलं होतं, काय सांगू!

तेवढ्यात मनवा धावत आली. कापसाची जागा दाखवायला तिने हात पुढे केला. “आज्जी, इथे टोचलं होतं. बघ, सुजलं नाही!”

‘सुजलं नाही’ हे माझ्याकडूनच शिकलेलं. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला, त्या चिमुकल्या पेरांकडे बघितलं, आणि नेहमीसारखा सोडून दिला. गॅलरीकडे वळल्या. पण या वेळी मला त्यांचा चेहरा दिसला. त्यात किळस नव्हती. मला तो चेहरा ओळखीचा होता. सुबोधच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या माझ्या आईचा तो चेहरा.

मी त्यांच्या मागे गॅलरीत गेले.

“आई, तुम्ही कुणाचे हात असे बघितलेत? सुजलेले?”

त्या खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. भाजीवाल्याची गाडी गेली. एक कुत्रं गेलं.

“हर्षलच्या आधी एक होता मले,” त्या म्हणाल्या. “राजू. चालायले लागला होता. एक दिवस दोन्ही हात सुजले, पाव फुगते तसे. पाय सुजले. हात लावू दे ना. रडे, रडे…” त्यांनी पदर तोंडाशी नेला. “म्या थंड्या पाण्यानं अंघोळ घातली होती त्या दिवशी. गर्मीचे दिवस होते. सासू म्हणे, तूच केलं. तुह्या हातानं गेलं लेकरू. मेली तोवर म्हणे.”

“हर्षलला माहीत आहे?”

“कोणालेच नाही माहीत. कायले सांगू?”

मनवाच्या पेरांना हात लावताच त्या का उठून जातात ते मला तेव्हा कळलं. आणि फळ्यावरचा सगळ्यात वरचा ठिपका आठवला. आजीला तपासलं होतं? नाही.

जिभेवरचं वाक्य गेलं कुठे ते कळलं नाही. मी पर्समधले कागद काढले आणि त्यांच्या शेजारी, गॅलरीच्या कट्ट्यावर ठेवले.

“आई, मी एक सांगते. रागावू नका. मनवात थोडा दोष आहे. त्यानं तिला काही होणार नाही. पण माझ्यात तो नाही, मी तपासलं. म्हणजे तो हर्षलकडून आला. आणि हर्षलकडे तो कुठून तरी वरून आला.”

त्यांना वेळ लागला. मी घाई केली नाही.

“म्हणजे आमच्यात?”

“तुमच्यात, आमच्यात… आता आपल्यात.”

“आणि राजू?”

“ते नक्की सांगता येणार नाही. बाबा आता नाहीत, त्यांचं रक्त बघता येत नाही. पण तुमचं बघता येईल. तुमच्यात निघालं, तर राजूला हाच आजार असणं शक्य आहे. खूप शक्य आहे. लहान लेकरांचे हात असेच सुजतात त्यात.”

“पाण्यानं नाही?”

थंडीनं त्रास वाढतो हे मला माहीत होतं. ते मी बोलले नाही. “हा आजार पाण्यानं येत नाही, आई. जन्मतःच असतो. कुणाच्या हातानं येत नाही.”

त्या आत गेल्या आणि मिठातल्या फोडी वरखाली करत बसल्या. रात्री हर्षलला मी सगळं सांगितलं, राजूचं सोडून. ते सांगणं माझं नव्हतं.

सकाळी मी ऑफिसची बॅग भरत होते तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. लग्नाकार्याला नेसायचं निळं लुगडं नेसलेल्या, पायात चपला.

“चाल,” त्या म्हणाल्या. “हर्षल, तू बी चाल.”

“कुठे, आई?” हर्षल गोंधळला.

“रक्त द्यायले. पोट्टी देते, तुले काय झालं?”

दवाखान्यात त्यांनी हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मनवा त्यांच्या पदराला धरून उभी होती. “आज्जी, रडायचं नाही. मोठा श्वास घे,” ती सांगत होती. देवतळे बाई हसल्या, पण सासूबाईंनी खरोखरच मोठा श्वास घेतला.

हर्षल वाहक निघाला. त्या कागदाकडे कुणी फार बघितलंही नाही. सोमवारी ‘पडताळा’ त्या मंडळींना दाखवून झाला होता, सगळ्यांना आवडला होता. पण ज्या दिवशी सासूबाईंचा अहवाल आणायचा होता, त्या दिवशी मी सुट्टी काढली. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. पण कागद त्यांनी माझ्याच हातात दिला आणि बाकावर बसल्या, हात मांडीवर ठेवून.

मी वाचला. त्यांच्याजवळ सरकले.

“तुम्ही वाहक आहात, आई. राजूच्या बाबतीत तुमच्या हातून काही झालं नव्हतं.”

त्यांचे ओठ हलले. आधी मला वाटलं देवाचं नाव घेतात. मग ऐकू आलं. राजू म्हणत होत्या. इतक्या वर्षांनी, मोठ्यानं, चारचौघांत.

मनवाने वर बघितलं. “राजू कोण, आज्जी?”

“तुहा मोठा काका,” त्या म्हणाल्या आणि तिला मांडीवर घेतलं. तिचा हात आपल्या तळहातावर पसरला, एकेक पेर अंगठ्यानं दाबत गेल्या, अगदी सावकाश, आणि उठून गेल्या नाहीत.

मग माझ्याकडे वळल्या.

“पुन्हा सांग,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.